दिसत नाही, मग आहे कशावरून?

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की अँटीमॅटरसुद्धा, म्हणजे आपल्या साध्या पदार्थाचं उलट्या चार्जचं जुळं भावंड, दगडासारखं खालीच पडतं, वर जात नाही, आणि हे युरोपातल्या सर्न या कणांच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी २०२३ मध्ये प्रयोग करून दाखवलंय. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की महिनाभर इथे इंदूरात राजवाड्याकडे भाजी आणायला गेलो तरी कुणीतरी थांबवून तेच विचारायचं. तर या वेळी पूर्ण सदर त्यालाच देतोय. बहुतेक प्रश्नांच्या तळाशी एकच शंका आहे आणि ती मला अगदी रास्त वाटते, की जी गोष्ट डोळ्याला दिसत नाही, कशालाही लागली की संपते, ती तुमच्याकडे होती हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगता? पण तिथपर्यंत पोचायला आधी दोन-तीन साधे प्रश्न घेऊ या.

रामबागेतून बारावीची एक विद्यार्थिनी विचारते : सर, अँटीमॅटर बनवतात म्हणजे नेमकं कशापासून बनवतात? आमच्या पुस्तकात फक्त पॉझिट्रॉनचं नाव येतं आणि पुढे काहीच नाही.

बेटा, ऊर्जेपासून बनवतात. जिनिव्हाजवळ सर्नमध्ये साध्या हायड्रोजनमधून प्रोटॉन काढतात, त्यांना पळवून पळवून प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ नेतात आणि इरिडियम नावाच्या जड धातूच्या कांडीवर आपटतात, कांडी केवढी तर बॉलपेनच्या रिफिलीएवढी जाड. त्या धडकेतल्या ऊर्जेतून नवीन कण तयार होतात, आणि निसर्गाचा नियम असा की नवा प्रोटॉन निघायचा तर जोडीला अँटीप्रोटॉन निघायलाच पाहिजे, एकटा नाही. अँटीप्रोटॉनचं वजन प्रोटॉनएवढंच, चार्ज मात्र मायनस. तुझ्या पुस्तकातला पॉझिट्रॉन म्हणजे असाच प्लस चार्जचा इलेक्ट्रॉन, पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणात त्याची चाहूल लागली होती आणि १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना तो कॉस्मिक किरणांत, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांच्या माऱ्यात, सापडला. अँटीप्रोटॉन असा आयता सापडला नाही, त्यासाठी १९५५ मध्ये बर्कलीला मोठं मशीन लागलं. आता मायनस अँटीप्रोटॉनभोवती प्लस पॉझिट्रॉन फिरायला लागला की झाला अँटीहायड्रोजनचा अणू, सगळ्यात साधा अँटीअणू.

पण हाती लागतात किती ते बघ. एका वेळी दहा लाख कोटींहून जास्त प्रोटॉन आपटायचे तेव्हा कामाचे मिळतात तीनएक कोटी अँटीप्रोटॉन. आपल्या सराफ्यात न्यारिये सोनारांच्या दुकानासमोरची धूळ झाडून नेतात आणि धुऊन धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतात ना, तसलं हे काम आहे, फक्त इथे जे मिळतं ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळत असतं आणि आधी त्याला थांबवायचंय. खरी मेहनत तिथून सुरू होते.

पलासियाहून एक निवृत्त इंजिनिअर लिहितात : अँटीहायड्रोजन तर १९९५ मध्येच झाला होता असं वाचलंय. मग २००२ मध्ये परत एवढी बातमी कशाची?

भाऊ, बरोबर वाचलंय तुम्ही. १९९५ मध्ये सर्नलाच वॉल्टर ओएलर्ट यांच्या टीमला नऊ अणू मिळाले होते, मोजून नऊ, आणि ते प्रकाशाच्या नव्वद टक्के वेगाने जात होते. प्रत्येक अणू साधारण दहा मीटर गेला आणि सेकंदाच्या चाळीसएक अब्जांश भागांत संपला. असे अणू होतात हे कळलं, पण त्याच्यावर माप काय घेणार? एबी रोडवरून सुसाट गेलेल्या गाडीचा नंबर दिसला एवढंच, बोनेट उघडून इंजिन बघायचं तर गाडी थांबवायलाच पाहिजे. २००२ ची बातमी होती ती थंड अँटीहायड्रोजनची, सगळा भर थंड या शब्दावर आहे. अणूंच्या जगात थंड म्हणजे हळू.

हळू करण्यासाठी सर्नमध्ये २००० सालापासून एक वेगळं मशीन चालतं, अँटीप्रोटॉन डीसेलरेटर. जगभर लोक कण पळवायची मशीनं बांधतात, हे कण थांबवायचं, मला त्याचं फार अप्रूप वाटतं. १८० मीटरच्या गोल रस्त्यावर अँटीप्रोटॉन फिरत राहतात आणि शंभरएक सेकंदांत त्यांचा वेग प्रकाशाच्या एक दशांशावर येतो. हाही वेग सेकंदाला तीस हजार किलोमीटर, म्हणजे अजून खूपच. आधी त्यांना पातळ पत्र्यातून घालवून आणखी हळू करायचे आणि त्यात शंभरातले नव्याण्णवहून जास्त वाया जायचे, जीव हळहळतो असा हिशोब. आता मधे एलिना नावाची छोटी तीस मीटरची रिंग बसवलीय, २०२१ पासून सगळ्या प्रयोगांना तिच्यातूनच अँटीप्रोटॉन मिळतात आणि नासाडी पुष्कळ कमी झालीय.

शेवटचं गार करणं मात्र आपल्या आज्यांसारखं आहे. गरम दुधाचं पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवायचं. अँटीप्रोटॉन एका नळीसारख्या सापळ्यात पकडतात, तिथे दोन टोकांना विजेची भिंत आणि नळीच्या लांबीने जोरदार चुंबकीय क्षेत्र असतं म्हणून कण कडेला जाऊ शकत नाहीत. याला पेनिंग ट्रॅप म्हणतात. त्यात आधीपासून थंड इलेक्ट्रॉन भरून ठेवलेले असतात, ते चुंबकीय क्षेत्रात गोल गोल फिरताना आपली ऊर्जा आपोआप बाहेर टाकून गार होत राहतात, अँटीप्रोटॉन त्यांना आपटत आपटत स्वतःची उष्णता देऊन टाकतात. इलेक्ट्रॉन हा अँटीप्रोटॉनचा जोडीदार नाही म्हणून दोघे एकमेकांना खात नाहीत. काम झालं की विजेचा एक झटका देऊन इलेक्ट्रॉन काढून टाकायचे, ते हलके असल्यामुळे पटकन निघतात, जड अँटीप्रोटॉन जागेवर राहतात.

स्नेहलतागंजहून एक ताई विचारतात : माझ्या मिस्टरांचा पेट स्कॅन झाला तेव्हा तिथले टेक्निशियन म्हणाले पॉझिट्रॉन वापरतात. म्हणजे त्यांच्या अंगात अँटीमॅटर घातलं का? मला तेव्हापासून चैन नाही.

ताई, आधी हे सांगतो की घाबरू नका. हो, पॉझिट्रॉन अँटीमॅटरच आहे, पण इंजेक्शनमध्ये पॉझिट्रॉन भरून देत नाहीत, किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर देतात, आणि तो फ्लोरिन मोडताना पॉझिट्रॉन बाहेर पडतात. दर ११० मिनिटांनी तो निम्मा होतो, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत जवळजवळ काही उरत नाही. पॉझिट्रॉन शरीरातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या आतच भेटतो, दोघं संपतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांचे दोन तुकडे निघतात, बरोबर एकमेकांच्या उलट दिशेला, दोघांची ऊर्जा सारखी, ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. मिस्टर ज्या गोल कमानीत झोपले होते तिच्यात चारी बाजूंनी क्रिस्टल बसवलेले असतात, समोरासमोरच्या दोन क्रिस्टलमध्ये एकदम उजेड झाला की कॉम्प्युटर म्हणतो, या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी पॉझिट्रॉन संपला. असल्या लाखो रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे डॉक्टरांना हवी ती जागा दिसते.

तुमचा प्रश्न मी मुद्दाम इथे घेतला, कारण पुढच्या उत्तरात हीच दोन किरणं परत येणार आहेत. अँटीहायड्रोजनसाठीसुद्धा पॉझिट्रॉन अशाच किरणोत्सारी पदार्थातून घेतात, तिथे सोडियम-२२ वापरतात, तो निम्मा व्हायला २.६ वर्षं लागतात म्हणून बरेच दिवस चालतो. आणि घरातल्या केळ्यात जे पोटॅशियम असतं त्याच्यातूनही तास-दोन तासांत एखादा पॉझिट्रॉन निघतो, आजपर्यंत त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

आता मुख्य प्रश्न. तो पाच जणांनी विचारलाय, मी सुदामानगरच्या एका वाचकाच्या शब्दांत देतो : एवढं सगळं करून अँटीहायड्रोजन झाला, पण तो कुणी पाहिला? भिंतीला लागून नष्ट झाला म्हणता, तर नुसता अँटीप्रोटॉन नष्ट झाला नसेल कशावरून?

हाच प्रश्न त्या टीमनेही स्वतःला विचारला होता आणि त्याचं उत्तर द्यायला त्यांनी जी यंत्रणा उभी केली ती मला या पूर्ण गोष्टीतली सगळ्यात सुंदर वाटते. २००२ चा तो प्रयोग, नाव अथेना. एका सापळ्यात साधारण दहा हजार अँटीप्रोटॉन आणि सात कोटी पॉझिट्रॉन. आता एकाचा चार्ज मायनस आणि दुसऱ्याचा प्लस, म्हणजे विजेची जी रचना एकाला खड्डा वाटते तीच दुसऱ्याला टेकडी, दोघांना एका जागी ठेवायचं कसं? त्यांनी मोठ्या खड्ड्याच्या मधोमध एक टेकडी केली, अँटीप्रोटॉन त्या मोठ्या खड्ड्यात इकडून तिकडे जाताना मधल्या टेकडीवरून जातात आणि पॉझिट्रॉनसाठी तीच टेकडी खड्डा असल्यामुळे ते तिथेच बसलेले असतात, की झाली गाठभेट. काहींची जोडी जमते.

जोडी जमली की अणू झाला, आणि अणू झाला की प्लस-मायनस मिळून चार्ज शून्य. मग सापळ्याची विजेची भिंत त्याला धरू शकत नाही, तो सुटतो आणि सरळ जाऊन नळीच्या भिंतीवर आदळतो. भिंतीत दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी होतात. अँटीप्रोटॉन भिंतीतल्या कुठल्यातरी प्रोटॉन-न्यूट्रॉनला भेटून फुटतो आणि त्यातून पायॉन नावाचे कण चहूकडे उडतात, चार्ज असलेले सरासरी तीनएक. आणि पॉझिट्रॉन भिंतीतल्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि त्यातून ती दोन उलट दिशेची किरणं निघतात, ताईंच्या मिस्टरांच्या स्कॅनमधलीच. नळीभोवती सिलिकॉनच्या पट्ट्यांचे दोन थर होते, ते पायॉनच्या वाटा पकडायचे, त्या वाटा मागे ओढत नेल्या की कुठून निघाल्या तो बिंदू मिळायचा. त्याच्या बाहेर सीझियम आयोडाइडचे १९२ छोटे क्रिस्टल, ते गॅमा पकडायचे. मग प्रत्येक वेळी बघायचं, की पायॉन ज्या बिंदूतून निघाले त्या बिंदूपासून ५११ चे दोन गॅमा बरोबर समोरासमोर गेलेत का? दोघांमधला कोन १८० अंश आहे का? नुसता अँटीप्रोटॉन मेला असेल तर पायॉन दिसतील पण ही जोडी त्या बिंदूपाशी जुळणार नाही. नुसता पॉझिट्रॉन मेला तर गॅमा दिसतील पण पायॉन नाहीत. दोन्ही एकत्र, म्हणजे दोघं एकत्र आले होते.

तरीही योगायोगाने जुळू शकतं, कारण अँटीप्रोटॉन फुटताना इतरही गॅमा निघतात आणि त्यातले काही भरकटत क्रिस्टलमध्ये येतात. म्हणून त्यांनी आलेख काढला, कोणत्या कोनाला किती घटना, आणि १८० अंशांपाशी एक टोक वर आलं, १३१ घटनांचं. आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. त्यांनी तोच प्रयोग सगळं तसंच ठेवून परत केला, फक्त पॉझिट्रॉन रेडिओ लहरींनी गरम केले. गरम पॉझिट्रॉनशी जोडी जमत नाही. अँटीप्रोटॉन तेवढेच, पॉझिट्रॉन तेवढेच, डिटेक्टर तेच, आणि ते टोक नाहीसं झालं. माझ्या दृष्टीने पुरावा तिथे पूर्ण होतो, टोक दिसलं तिथे नाही, पाहिजे तेव्हा घालवता आलं तिथे. त्या १३१ वरून, डिटेक्टरच्या हाती किती थोड्या घटना लागतात याचा हिशोब धरून, निदान ५० हजार अँटीहायड्रोजन झाले असणार असं त्यांनी मांडलं.

त्याच वर्षी शेजारच्याच एट्रॅप नावाच्या टीमने, गेराल्ड गॅब्रिएल्स यांच्या, पूर्ण वेगळ्या रस्त्याने दाखवलं. ते भिंतीची वाटच बघत बसले नाहीत. त्यांनी वाटेत जोरदार विजेचं क्षेत्र ठेवलं, तिथून जाणाऱ्या सैल अँटीअणूचा पॉझिट्रॉन ओढून काढला आणि मागे राहिलेला अँटीप्रोटॉन पलीकडच्या एका वेगळ्या खड्ड्यात पडला. त्या खड्ड्यापर्यंत चार्ज असलेला कण जाऊच शकत नव्हता अशी रचना होती, मग नंतर तो खड्डा उघडल्यावर अँटीप्रोटॉन निघाला तर तो तिथपर्यंत चार्ज शून्य असताना, म्हणजे अणू असतानाच आला असणार. दोन टीम, दोन पद्धती, एक उत्तर.

महूहून इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी : अणूला चार्ज नाही तर तो नंतर डब्यात ठेवला कसा?

फार चांगला मुद्दा पकडलास. चार्ज नाही, पण अणू स्वतः एक बारीकसं चुंबक असतो. मधे क्षेत्र कमी आणि चारी बाजूंनी जास्त अशी चुंबकांची रचना केली तर ठरावीक दिशेला तोंड असलेले अणू मधे अडकतात. अडचण ही की हा खड्डा अतिशय उथळ आहे, सुपरकंडक्टिंग चुंबक लावूनही फक्त अर्ध्या केल्विनचा (केल्विन म्हणजे उणे २७३ डिग्रीपासून वर मोजलेलं तापमान). अर्धा केल्विन म्हणजे अणूचा वेग सेकंदाला ९० मीटरच्या आत पाहिजे, त्याच्यावर गेला की उडी मारून बाहेर. म्हणून सुरुवातीला हजारोंनी बनायचे आणि अडकायचे बोटांवर मोजण्याइतके.

आल्फा टीमने, जेफ्री हँग्स्ट यांच्या, हे २०१० मध्ये केलं. ३३५ वेळा प्रयत्न, सगळे मिळून एक कोटी अँटीप्रोटॉन आणि ७० कोटी पॉझिट्रॉन, आणि अडकलेले सापडले ३८. आणि इथेही ओळख कशी पटवली ते बघ. आधी विजेचे झटके देऊन चार्ज असलेले सगळे कण झाडून काढले, १७२ मिलीसेकंद थांबले, मग चुंबकाचा करंट काही मिलीसेकंदांत पाडला आणि अगदी थोड्या वेळाच्या खिडकीत भिंतीवर काय फुटतं ते बघितलं. तेवढ्यात वरून एखादा कॉस्मिक किरण गेला तर? तो सरळ आरपार जातो, अँटीप्रोटॉन फुटला तर एका बिंदूतून फांद्या फुटतात, वाटा बघून वेगळं करता येतं. एखादा चुकार अँटीप्रोटॉन मागे राहिला असेल तर? त्यांनी विजेचं क्षेत्र मुद्दाम कधी डावीकडे ढकलणारं, कधी उजवीकडे ढकलणारं ठेवलं, अँटीप्रोटॉन असते तर सरकले असते, ते ३८ सरकले नाहीत. ३८ पैकी योगायोगाच्या किती असाव्यात याचं माप आलं १.४. पुढच्याच वर्षी त्यांनी अणू १००० सेकंद, म्हणजे सोळा मिनिटांच्या वर धरून ठेवले. २०१६ मध्ये त्यावर लेसर टाकला आणि २०१८ पर्यंत हायड्रोजनशी तुलना अशी झाली की एक लाख कोटींत दोन भागांपर्यंत दोघांत फरक नाही.

विजयनगरहून एक गृहस्थ विचारतात : हवेचा एक कणही लागला तर संपतं, मग इतकी पोकळी मिळते कशी?

हा प्रश्न माझ्या हाताखालून गेलेला आहे. मी नोकरीची बरीच वर्षं एका प्रयोगशाळेत व्हॅक्यूम सिस्टिमवर काढलीत, अँटीमॅटरवर नाही, पण पोकळीचं काम सगळीकडे सारखंच. पंप लावला की हवा निघते असं लोकांना वाटतं, हवा पहिल्या तासाभरात निघतेच, त्रास पाण्याचा असतो. स्टीलच्या आतल्या बाजूला पाण्याचे रेणू चिकटून बसलेले असतात आणि ते दिवसेंदिवस सुटत राहतात. म्हणून चेंबरला हीटरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वरून ॲल्युमिनियम फॉइल, पोळ्या गुंडाळतो तीच, आणि दीड-दोनशे डिग्रीला दोन-तीन दिवस भाजायचं. समोर गॅस तपासायच्या मीटरवर १८ आकड्यापाशी उंचवटा दिसतो, १८ म्हणजे पाणी, तो हळूहळू बसत जातो ते बघत रात्री काढल्यात. आत उघड्या हाताने बोट लागलं तर त्या एका ठशाचं तेल महिनाभर गॅस सोडत बसतं. एकदा आमची सिस्टिम तीन आठवडे खाली जाईना, ३२ पाशी उंचवटा, म्हणजे ऑक्सिजन, म्हणजे बाहेरची हवा येतेय. एकेका जोडावर हेलियमची बारीक फुंकर मारत शोधलं, निघाला तांब्याच्या गास्केटवरचा एक ओरखडा, नखाला लागेल न लागेल एवढा.

सर्नच्या सापळ्यांमध्ये याच्यावर आणखी एक पायरी असते, आतल्या भिंती द्रवरूप हेलियमने चार केल्विनपर्यंत नेतात, मग हेलियम सोडून जवळजवळ प्रत्येक गॅस भिंतीवर गोठून चिकटतो आणि भिंतच पंप होते. बेस नावाच्या टीमने अशा सापळ्यात अँटीप्रोटॉन ४०५ दिवस सांभाळले. ज्याने कधी एक लीक शोधलाय त्याला या आकड्याची किंमत कळेल, मला तो वाचून खरंच भरून आलं होतं.

भंवरकुआँहून एक तरुण : याचा बॉम्ब होऊ शकतो का? सर्नला परवानगी कशी दिली?

नाही होऊ शकत, आणि हे मी धीर द्यायला नाही, हिशोबाने सांगतो. एका खेपेचे तीन कोटी अँटीप्रोटॉन एकदम नष्ट झाले तर जी ऊर्जा निघेल तेवढ्यात एक ग्रॅम वजन जेमतेम एक मीटर उचललं जाईल, पोह्यावर भुरभुरवलेला चिमूटभर जीरावन मसाला ताटातून उचलण्यासारखं. एक ग्रॅम अँटीप्रोटॉन जमवायचे म्हटलं तर या वेगाने सहा हजार कोटी वर्षांच्या पुढे जावं लागेल, आणि विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आहे.

त्याच पत्रात पुढे विचारलंय की इंदूरला असं काही का नाही. कमी वेगाचे अँटीप्रोटॉन फक्त सर्नमध्येच मिळतात, पण आपल्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हे इलेक्ट्रॉन पळवायचं मशीन आहे, लेसरने रुबिडियमचे अणू थंड करून पकडायचं कामही तिथे झालंय, आणि सर्नच्या मोठ्या मशीनसाठी सुपरकंडक्टिंग करेक्टर मॅग्नेट पुरवण्यात या केंद्राचा मोठा हात होता. आपल्या गावात हे आहे, संधी मिळाली तर जाऊन बघ.

मागच्या अंकातल्या त्या ओळीवर थोडक्यात, कारण ज्यांनी विचारलं त्यांना फक्त "खाली पडलं हे कळलं कसं" एवढंच हवंय. आल्फाने सापळा उभा केला, आत शंभरएक अणू, आणि वरचं आणि खालचं चुंबकीय झाकण हळूहळू, वीस सेकंदांत, एकाच वेळी कमी केलं. मग वर किती फुटले, खाली किती फुटले ते मोजलं. दहातले साधारण आठ खाली गेले. यात कस कुठे लागला तर पाव मीटरच्या उंचीमुळे गुरुत्वाचा जो फरक पडतो तो चुंबकाच्या भाषेत फक्त साडेचार गॉस, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दहापट फक्त, आणि झाकणं त्याच्या हजारोपट. वरचं आणि खालचं झाकण एवढ्याशा फरकाइतकं सारखं ठेवायला पाहिजे नाहीतर अणू चुंबकामुळे खाली गेले की वजनामुळे हे सांगताच येणार नाही. म्हणून त्यांनी मुद्दाम वरचं झाकण थोडं सैल, मग खालचं थोडं सैल असं करून पूर्ण तक्ता बनवला. आणि तो तक्ता साध्या गुरुत्वाशी जुळला.

शेवटचा प्रश्न आठवीतल्या एका मुलाचा, टिळकनगरहून : आजोबा, मला घरी अँटीमॅटर बघता येईल का?

कणांच्या वाटा नक्की बघता येतील. जुनी काचेची मत्स्यपेटी घे, तळाच्या आतल्या बाजूला जाड फेल्टची पट्टी चिकटव, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओली कर, मग पेटी उलटी करून काळ्या रंगाच्या पत्र्यावर ठेव आणि पत्र्याखाली ड्राय आइस. लग्नात नवरा-नवरी स्टेजवर येताना पांढरा धूर सोडतात तो ड्राय आइसचाच, डेकोरेशनवाल्याकडे विचार. बाबांना सोबत घे, हातमोजे घालूनच उचल, खिडक्या उघड्या, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. दहा-पंधरा मिनिटांत तळाशी पातळ धुकं जमेल आणि त्यात मधूनमधून पांढऱ्या रेघा उमटतील, जाड आखूड असतील त्या हवेतल्या रेडॉन नावाच्या किरणोत्सारी गॅसच्या, लांब सरळ असतील त्या कॉस्मिक किरणांमुळे वरून आलेल्या म्युऑन नावाच्या कणांच्या, वेड्यावाकड्या इलेक्ट्रॉनच्या.

यातली एखादी पॉझिट्रॉनची असू शकते, पण तुला ओळखता येणार नाही, कारण इलेक्ट्रॉनची रेघ अगदी तशीच असते. पॉझिट्रॉन शोधणाऱ्या अँडरसननेही असंच धुक्याचं भांडं वापरलं, आणि भोवती जबरदस्त चुंबक होतं म्हणून रेघ वळायची. वळण एका बाजूला म्हणजे प्लस, दुसऱ्या बाजूला म्हणजे मायनस. पण खालून वर जाणारा प्लस आणि वरून खाली येणारा मायनस दोघं एकाच बाजूला वळतात, मग ओळखायचं कसं? त्याने भांड्याच्या मधे सहा मिलिमीटरचा शिशाचा पत्रा आडवा ठेवला. शिशातून गेल्यावर कण हळू होतो आणि हळू कण जास्त वळतो. त्याच्या फोटोत रेघ पत्र्याच्या वरच्या बाजूला जास्त वळलेली होती, म्हणजे कण खालून वर गेला, म्हणजे प्लस.

तुझी पेटी तयार झाली की खोलीतला लाइट बंद कर आणि टॉर्च वरून नको मारूस, तळाला समांतर, बाजूने आडवा धर.